अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये राखीव क्वार्टरबॅक (पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू) कसा निवडावा? तरुण की अनुभवी?

अनुभवीच घ्यावा, आणि शक्यतो संघाची खेळपद्धत आधीच माहीत असलेला. आठवडाभराच्या सरावात बहुतेक पास मुख्य क्वार्टरबॅकच टाकतो. राखीव गडी बाजूला उभा राहून बघतो आणि एखाद्या रविवारी अचानक हेल्मेट चढवून आत जातो. हात थोडा कमी ताकदीचा चालेल, पण डावपेचांची वही तोंडपाठ हवी.

फिलाडेल्फिया ईगल्सचंच बघा. डिसेंबर २०१७ मध्ये कार्सन वेंट्झचा गुडघा दुखावला आणि निक फोल्स उतरला. तो २०१२ ते २०१४ तिथेच खेळलेला. प्रशिक्षक डग पीडरसन त्याला तेव्हापासून ओळखत होते, शिवाय ते स्वतः ब्रेट फार्वचे राखीव होते (हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो). सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, फोल्सने ३७३ यार्डांचे पास दिले, चौथ्या डाउनला (म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) स्वतः एन्ड झोनमध्ये, गुण मिळतात त्या पट्ट्यात, पळत जाऊन चेंडू झेलला आणि पेट्रियट्सना ४१-३३ हरवलं.

जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाचं मात्र फार वाईट झालं. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं, मग राखीव जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला. शेवटी नीट फेकताही न येणाऱ्या पर्डीलाच परत उतरावं लागलं. त्याच वर्षी लीगने आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा (आधीचे दोघे जायबंदी झाले तर उतरणाऱ्याचा) नियम आणला.

मुख्य खेळाडूचं वय झालं असेल तरच तरुण घ्या. पॅकर्स संघाने २०२० मध्ये जॉर्डन लव्हला घेतलं आणि मुख्य क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या मागे तीन हंगाम घडू दिलं.