साथीची माहिती वॉर्डातल्या मावशींपर्यंत पोचते का?

प्रश्न : मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. सध्या एका नवीन साथीच्या तापाची चर्चा चालूये, आमच्याकडे अजून केस आलेली नाही. डॉक्टरांसाठी एक लेक्चर झालं, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली, सफाईच्या मावशींना कोणी काहीच सांगितलं नाही. लक्षणं वाचली तर साध्या फ्लूसारखीच वाटतात, मग असा पेशंट आला तर ओळखायचा कसा?

उत्तर : सिस्टर, तुम्हाला बरोबर वाटतंय, नुसत्या लक्षणांवरून सहसा ओळखता येतच नाही. ओळख पटते ती विचारपूस केल्यावर. गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे जाऊन आलात, घरात कोणी असंच आजारी आहे का, कुठल्या हॉस्पिटलमध्ये जाणं झालं का, एवढं तापाच्या प्रत्येक पेशंटला विचाराच. आणि उत्तर नुसतं केस पेपरवर लिहून थांबू नका, डॉक्टरांना तोंडाने सांगा. २०१४ मध्ये डॅलसच्या एका हॉस्पिटलात इबोलाचा पेशंट आला, आफ्रिकेतून आलोय हे त्याने नर्सला सांगितलंही होतं, पण ती गोष्ट योग्य जागी पोचली नाही आणि त्याला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी तो परत आला, पुढे त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली (दोघी वाचल्या, पण बघा ना). २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्सचा (हाही विषाणूमुळे होणारा श्वसनाचा गंभीर आजार) पहिला पेशंट निदान होईपर्यंत चार ठिकाणी दाखवून आला होता, शेवटी १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण गेले.

संशय आला की रिपोर्टची वाट बघायची नाही. पेशंटला मास्क द्या, बाजूला बसवा, स्वतः मास्क लावा, मग वर कळवा.

आता मावशींचं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. २००३ च्या सार्सच्या साथीत (हाही विषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार) जगभरात ८,०९६ रुग्ण नोंदले गेले, त्यातले १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे पाचातला एक. विषाणू डिग्री बघून लागत नाही, जी बाई उलटी पुसते, चादर गोळा करते तिला धोका डॉक्टरपेक्षा कमी कसा असेल? पीडीएफ तिच्या कामाची नाही, तिला करून दाखवायला हवं. विशेषतः पीपीई किट (गाऊन, मास्क, ग्लोव्हज असा संरक्षक पोशाख) काढणं, कारण घालताना चूक झाली तर किट अजून स्वच्छ असतं पण काढताना बाहेरची घाण हाताला आणि हात चेहऱ्याला लागतो. ग्लोव्हज होते म्हणून हात धुवायचे नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं, डॉक्टरांनाही, तर तसं नाही, ग्लोव्हज काढले की हात धुवायचेच.

आणि ती पीडीएफ कुठल्या तारखेची आहे बघा, नवीन आजारात सूचना आठवड्यात बदलतात. इन्चार्जना सांगून ड्युटी बदलताना दहा मिनिटं मागून घ्या, मावशी-मामा सगळ्यांना उभं करा, आणि ज्याला स्वतःला ताप येईल त्याने लपवायचं नाही, त्याचा पगार कापला जाणार नाही, हे इन्चार्जकडूनच सगळ्यांसमोर वदवून घ्या.