तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पोरगी बारावी झालीय, सोलापूर विद्यापीठाच्या ॲडमिशनची रोज नवीन तारीख व्हॉट्सॲपवर येतीय. आणि डिग्री आता चार वर्षांची झाली म्हणे, खरं का हो? – एक पालक, बार्शी

उत्तर : दादा, आधी ते फॉरवर्ड बाजूला ठेवा, विद्यापीठाच्या खऱ्या परिपत्रकावर वरती जावक क्रमांक आणि तारीख असते अन् फॉरवर्डमधे नेमकं तेवढंच कापलेलं असतं, म्हणून वेबसाइटवरची पीडीएफ उघडून बघा, नाहीतर सरळ कॉलेजच्या ऑफिसात विचारा, कारण बीए, बीकॉम, बीएस्सीचं ॲडमिशन कॉलेजातच होतं, त्यासाठी केगावला, विद्यापीठात, हेलपाटा नको.

चार वर्षांचं अर्धंच खरंय. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री मिळतेच, चौथं वर्ष ऑनर्ससाठी, ज्याला पाहिजे त्याने करावं. उगं घाबरवून सोडलंय लोकांनी.

आणि हो, प्रोफेशनल कोर्सला घालणार असाल तर राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना ट्यूशन अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमधे सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते!