ठिकाण कळणे आणि वाट कळणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधन-आराखडा दोनदा वाचला. विषयाची तुझी ओढ त्यात स्पष्ट दिसते, म्हणूनच खटकलेली एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील ज्या स्थानपेशींची, म्हणजे प्राणी ठरावीक जागी असताना सक्रिय होणाऱ्या चेतापेशींची, नोंद केली, त्यांच्यामुळे प्राणी इष्ट स्थळी पोहोचतो, असे तू एका वाक्यात लिहून मोकळी झाली आहेस. परंतु स्थानपेशी मुख्यतः ‘मी कुठे आहे’ एवढेच सांगते; जायचे ठिकाण कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे, हा प्रश्न त्यानंतर उरतोच.

या प्रश्नासाठी इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील २०१७ चा प्रयोग बारकाईने वाच. खोलीत उडणाऱ्या फलाहारी वटवाघळांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, अन्न आणि विसावा मिळण्याचे ठिकाण आपल्या डोक्याच्या रोखापासून किती अंशांवर आहे यानुसार सक्रिय होणाऱ्या चेतापेशी तिथे आढळल्या, आणि काही पेशी अंतरानुसारही प्रतिसाद देत होत्या. ते ठिकाण पडद्याआड दडवल्यावरही दिशेचा हा संकेत टिकून राहिला. माझ्या मते प्रयोगाचे खरे मोल या पडद्यात आहे, कारण त्याच्याशिवाय ती पेशी ध्येयाची दिशा सांगते की समोर दिसणाऱ्या वस्तूला प्रतिसाद देते, हे ठरवताच आले नसते.

फायफर आणि फॉस्टर या संशोधकांच्या २०१३ च्या प्रयोगाची रचनाही मला अशीच नमुनेदार वाटते. चौरस मैदानात ३६ खळगे होते आणि त्यांपैकी एकात उंदराला वारंवार खाद्य मिळे, पण तो खळगा रोज बदलला जाई. निघण्यापूर्वी उंदीर क्षणभर थांबला असता स्थानपेशी ज्या क्रमाने भराभर सक्रिय होत, तो क्रम त्या लक्षात ठेवलेल्या खळग्याकडे जाणारी पुढची वाट रेखाटत असे, मग आरंभस्थान आणि गंतव्य यांची ती जोडी उंदरासाठी नवी का असेना.

मात्र असा सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. कारण सिद्ध करण्यासाठी पेशींमध्ये थेट हस्तक्षेप करावा लागतो, आणि तुझ्या आराखड्यात तो कुठेच नाही. पुढच्या भेटीला येताना तुझ्या प्रयोगातील ध्येय, बक्षीस आणि ठळक खूण या तिन्ही गोष्टी एकाच कोपऱ्यात का आहेत, याचे उत्तर लिहून आण. उत्तर सापडले नाही, तर आधी खूण दुसऱ्या भिंतीवर हलव.

तुझा,
मार्गदर्शक