थकबाकीची टक्केवारी शून्यच का येतेय?

प्रश्न: नमस्कार ताई, बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. मेंटेनन्सचा हिशोब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवतो, टेबलमध्ये विंग, बिल, जमा, बाकी असे कॉलम आहेत, रकमा सगळ्या इंटिजर, म्हणजे पूर्णांक. एकूण थकबाकी १,२०,००० आहे, त्यात ए विंगचे ४१,५००. कुठल्या विंगची किती टक्के ते काढतोय तर सगळीकडे शून्यच येतंय. रविवारी मीटिंग आहे, प्लीज सांगा.

उत्तर: दादा, आकडे ठीक आहेत तुमचे, गडबड भागाकारात आहे. पोस्टग्रेसमध्ये इंटिजरला इंटिजरने भागलं की उत्तर पण इंटिजरच येतं, पॉइंटनंतरचं सगळं उडतं, म्हणजे ४१,५०० भागिले १,२०,००० खरं तर ०.३४५८, पण हातात पडतो ०, मग त्याला शंभरने गुणून काय होणार. शंभरने आधी गुणलं तर ३४ येतील, पण पाहिजेत ३४.५८. म्हणून आधीच १००.० ने गुणा, तो पॉइंट शून्य विसरू नका, मग भागा आणि राऊंड लावून दोन डेसिमल ठेवा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये साधा भागाकार डेसिमलच देतो, त्यामुळे तिथली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) जशीच्या तशी उचलली की हमखास असं होतं.

१,२०,००० हा आकडा क्वेरीत हाताने टाकू नका, उद्या कोणी पैसे भरले की चुकला. विंगवर ग्रुप बाय करा, म्हणजे एकेका विंगच्या ओळी एकत्र येतील, आणि छेदात ‘बाकी’ कॉलमच्या समचा (बेरजेचा) परत सम घेऊन पुढे ओव्हर आणि रिकामा कंस लिहा, की सगळ्या विंगांची बेरीज प्रत्येक ओळीला मिळते. फक्त ए विंग बघायची म्हणून तिथेच व्हेअर, म्हणजे ओळी गाळणारी अट, लावलात तर मात्र १०० टक्के दिसेल, कारण व्हेअर आधी चालतो आणि बेरीज उरलेल्या ओळींचीच होते. टक्के आतल्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) काढा, ती अट बाहेरच्या क्वेरीत लावा.

आणि प्लीज, मीटिंगमध्ये नुसतं ‘ए विंग ३४.५८ टक्के’ असं वाचू नका, कशाचे टक्के ते सांगा, नाहीतर उगाच भांडणं लागतील. ए विंगमध्ये फ्लॅटच जास्त असतील तर थकबाकीतला वाटा मोठा दिसणारच, म्हणजे तिथले लोक पैसे बुडवतात असं नाही ना. ते बघायचं तर त्याच विंगची बाकी भागिले त्याच विंगचं बिल असा वेगळा कॉलम काढा, आणि तिथे छेदाला नलइफ (शून्याच्या जागी नल, म्हणजे रिकामी किंमत देणारं फंक्शन) लावा, कारण एखाद्या विंगचं बिल शून्य असेल तर अख्खी क्वेरी एरर देऊन थांबते, नलइफ असेल तर तेवढीच जागा रिकामी येते.