राजीनामा मागताहेत, सही करू का?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात एसएमटी लाइनवर (सर्किट बोर्डावर भाग बसवायच्या) मी सात वर्षं आठ महिने कायम कामगार आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये. ऑर्डर घटल्या म्हणून एचआरवाले राजीनामा मागताहेत, दोन महिन्यांचा पगार देऊ म्हणतात. शनिवारपर्यंत सही नाही केली तर गेट बंद.

उत्तर: ताई, सही करू नका. कामगारकपात कंपनीला करायची आहे, तर पत्र कंपनीनेच द्यायला हवं. राजीनामा दिलात की कपातीची भरपाई बुडते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, तर राजीनाम्यानंतरही मिळतेच, ती वेगळी सवलत म्हणून दाखवली तर भुलू नका.

21 नोव्हेंबर 2025पासून लागू असलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची आठ वर्षं. नोटिशीचे 20,800. भरपाई 10,400 गुणिले 8, म्हणजे 83,200. ग्रॅच्युइटी 20,800 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8, म्हणजे 96,000. बेरीज दोन लाख. कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील, तर सरकारची परवानगी न घेता केलेली कपात बेकायदा ठरते. तुमच्यानंतर लागलेल्यांना ठेवून तुम्हाला काढत असतील, तर त्यांची नावं आणि रुजू तारखा आजच लिहून ठेवा.

एक धोका आहे. देखरेखीचं काम आणि पगार 18,000च्या वर असेल, तर 'कामगार' ही व्याख्या लागू होत नाही. कागदावर तुम्हाला 'लाइन लीडर' केलं असेल, तर प्रत्यक्ष हाताने काय काम करता याचे पुरावे जपा. पदनाम नव्हे, काम बघितलं जातं.

गेटवर अडवलं तर त्याच दिवशी 'मी कामावर हजर होते, आत घेतलं नाही' असं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. हे राहून गेलं की कंपनी तुम्हाला गैरहजर दाखवते, आणि पुढचं सगळं अवघड होतं. मग नाशिकच्या कामगार उपआयुक्त कार्यालयात अर्ज द्या. सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि पीएफ पासबुक जोडा. तिथे तडजोड झाली नाही, तर तडजोड घडवू पाहणाऱ्या सुलह अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं.

मध्येच पैसे खात्यात आले तर ठेवा. पावतीवर मात्र 'हक्क राखून स्वीकारले' एवढं लिहूनच सही करा.