पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरचे शॉर्टकट झाले : हा व्हायरस, वर्म की ट्रोजन?

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यावर पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, हा नेमका कुठला व्हायरस आणि फॉरमॅट मारू का, असं तुम्ही विचारलंय.

आधी घाईचं सांगतो. फॉरमॅट मारू नका आणि त्या शॉर्टकटवर पुन्हा क्लिक करू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. शॉर्टकट एक-दोन केबीचे, पण वापरलेली जागा मात्र पूर्वीइतकीच दिसत असेल, तर तुमच्या फायली आतच आहेत, फक्त लपवल्यात.

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फॉर्म भरायचे दिवस आले की असे पेन ड्राइव्ह घेऊन पोरं येतातच. यातली चलाखी अशी, की तुम्ही शॉर्टकट उघडला की आधी ड्राइव्हवर लपलेली स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडणारी छोटी फाइल, चालते आणि लगेच तुमचा खरा फोल्डरही उघडतो. सगळं दिसतंय म्हटल्यावर संशय कुणाला येणार? तेवढ्यात ती कॉम्प्युटरमध्ये मुक्काम ठोकते आणि पुढे लावलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर चढते.

लोक याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात, पण जातीने हा वर्म. नावांचा घोळ होतो, कारण काही नावं 'आत कसा आला' यावरून पडलीत आणि काही 'आत येऊन काय केलं' यावरून. एकाच चोराला कुणी 'खिडकीतून आलेला' म्हणावं आणि कुणी 'दागिने नेणारा', तसं.

आधी येण्याच्या वाटा. व्हायरस दुसऱ्याच्या अंगावर बसून येतो, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमच्या नाहीतर डिस्कच्या बूट सेक्टरच्या (कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कचा आधी वाचला जाणारा भाग). १९८६ चा 'ब्रेन' असाच फ्लॉपीतून फिरला. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि आत चक्क स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर टाकला! वर्मला असं वाहन लागत नाही, तो आपला आपण पसरतो. १२ मे २०१७ ला सुरू झालेला 'वॉनाक्राय' विंडोजमधल्या एका भोकातून नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होता, कुणी काही क्लिक न करता. ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. (अपडेट बंद करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मला अजूनही भेटतं.) ट्रोजन मात्र आपणच हाताने आत घेतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड अॅप इन्स्टॉल करणारी) हा त्याचाच फोनवरचा अवतार. पत्रिका इन्स्टॉल कशाला करावी लागते, एवढा विचार केला तरी पुरे.

आत आल्यावरचे उद्योग वेगळे. अॅडवेअर जाहिराती दाखवून वैताग देतं, ब्राउझरचं होमपेज बदलतं. कीलॉगर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपून पासवर्ड बाहेर पाठवतो, आणि कॉम्प्युटर जराही स्लो वाटत नाही. 'माझा पीसी तर मस्त चालतोय' याला म्हणून फारसा अर्थ नसतो.

आणि रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा. माझ्याकडे एक कर सल्लागार आले होते. कुठलंसं सॉफ्टवेअर फुकटात हवं म्हणून त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने क्रॅक, म्हणजे त्याचं लायसन्स मोडणारी फाइल, उतरवला. सकाळी बघतात तर सगळ्या फायलींच्या नावांना भलतंच शेपूट आणि खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याची हार्ड डिस्क कायम मशीनलाच जोडलेली, त्यामुळे तोही कुलूपबंद. मी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर शोधलं, तिथे काही जातींच्या चाव्या फुकट मिळतात. आमच्या जातीची नव्हती. त्यांनी पैसे भरले नाहीत, तीन आठवडे बसून कागदांवरून नोंदी पुन्हा केल्या. पैसे भरून चावी मिळेलच असंही नसतं. जून २०१७ चा 'नॉटपेट्या' दिसायला रॅन्समवेअर होता, पण फायली परत मिळतील अशी सोयच त्यात नव्हती. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला, मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने अडवलं.

आता तुमचा पेन ड्राइव्ह. आधी अँटिव्हायरस अपडेट करून कॉम्प्युटर पूर्ण स्कॅन करा, नाहीतर साफ केलेला ड्राइव्ह पुन्हा बाटेल. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' यापुढची टिक काढा. दुसरं विसरलात तर काहीच दिसणार नाही. कधीकधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तोही उघडून बघा. फायली दुसरीकडे कॉपी करा, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट सोडून. त्यानंतर ड्राइव्ह खुशाल फॉरमॅट मारा.

आणि त्या झेरॉक्सवाल्याला आजच सांगा. त्याच्या मशीनला दिवसभरात आणखी कितीजणांचे पेन ड्राइव्ह लागत असतील.