एबीएसच्या सेन्सरवरून चाकाचा वेग मोजता येईल का?

प्रश्न : चारही चाकांचा वेग वेगवेगळा नोंदवायचा आहे. नवे सेन्सर न बसवता एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर सरळ आर्डुइनोला (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला) जोडली तर चालेल का? टायर १८५/६५ आर १५ आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सरळ जोडू नका. आधी सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. दोन्ही प्रकारांना दोनच वायरी असल्याने वरून कळत नाही. सेन्सरचा कनेक्टर काढून इग्निशन चालू करा आणि गाडीकडून येणाऱ्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं आलं, तर सेन्सर अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे गाडीच्या वीजपुरवठ्यावर चालणारा. त्याला मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं. फारच कमी आलं, तर सेन्सर जुना, कॉइलचा. त्याचा रोध साधारण १ ते २ किलोओहम भरतो. कॉइलचं व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं. गाडी रांगत असताना सिग्नल जेमतेम मिळतो आणि भरधाव असताना आर्डुइनोची पिन जळेल इतका चढतो.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सर वेग सांगतो तो करंटने : ७ आणि १४ मिलिअँपिअर, आलटून पालटून. असा एक चढ-उतार म्हणजे एक पल्स. एबीएस युनिटमध्ये त्यासाठी रेझिस्टर असतोच. तो १०० ओहमचा धरला, तर सिग्नलच्या वायरवर ०.७ आणि १.४ व्होल्ट दिसतात. आपला वेगळा रेझिस्टर मध्ये घालू नका. एबीएसचं वाचन बिघडेल. वायर न कापता युनिटजवळ फाटा काढा, त्यात १०० किलोओहम घालून कम्पॅरेटरला (व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर की खाली हे सांगणाऱ्या सर्किटला) द्या आणि ही पातळी, म्हणजे उंबरठा, १ व्होल्टच्या आसपास ठेवा. नेमका आकडा ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहूनच ठरवा. ग्राउंड युनिटचंच घ्या. एबीएसचा दिवा लागला, तर फाटा लगेच काढा. ब्रेकशी तडजोड नको.

आता हिशेब. तुमच्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे परीघ १.९५ मी. भाराने टायर दबतो, म्हणून १.८९ मी. धरा. चाकाच्या एका फेरीत ४८ पल्स येत असतील, तर ताशी ६० किमीला सुमारे ४२३ हर्ट्झ मिळतील. पल्सची संख्या गाडीगणिक बदलते. चाक जॅकवर उचलून हाताने १० फेऱ्या द्या, पल्स मोजा आणि १० ने भागा. कमी वेगात पल्स मोजत बसण्यापेक्षा दोन पल्समधला वेळ मोजा. टायरची नक्षी ८ वरून २ मिमीवर आली, की व्यास १२ मिमीने घटतो आणि वेग जवळजवळ २ टक्के जास्त दिसतो.

बेअरिंग बदलल्यावर एकाच चाकाचा सिग्नल गेला, तर बेअरिंग उलटं बसलंय का पाहा. सेन्सर जी वाचतो ती चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असते आणि ती सेन्सरकडेच यावी लागते. दिसायला ते साधं काळं रबर. बसवण्यापूर्वी बारीक लोहकीस भरलेलं टेस्ट कार्ड टेकवा, पट्ट्या उमटतील.